तलावाच्या पाळीवरची गिनती

तालुक्याच्या मिटिंगीत साहेबानं मले उभं केलं. सामने चाळीस-पन्नास गावचे पोलीस पाटील बसले होते. साहेब म्हनाले, "हे पाटील आधी जेलात शिपाई होते. सांगा यांना, जेलच्या नोकरीनं गाव सांभाळाले कसं तयार केलं तुमाले."

मीनं छाती फुगवली अन् दहा मिनिटं बोललो. हिंमत, शिस्त, नजर, जे जे तोंडात आलं ते. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. चहा बी दुसऱ्यांदा भेटला. पन त्यातलं अर्ध्याच्या वर खोटं होतं. खरं सांगाची हिंमत त्या दिवशी झाली नाई, ते इथी सांगतो.

माहा बाप जेलात शिपाई होता. नोकरीतच गेला, म्हनून त्याच्या जागेवर मले घेतलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी सहावी पास, अन् तेबी मास्तर मले पाहून पाहून थकला म्हनून. बापाचा पट्टा मले दोन येढे बसे. पह्यल्या दिवशी मोठ्या दरवाजातल्या लहान दारातून वाकून आत गेलो अन् मांगून ते लागलं. तो आवाज ऐकून वाटलं, सारे कैदी एक ना एक दिवस सुटतीन, आपलं काई खरं नाई.

हात लय थरथरे माहा. चाव्यांचा जुडगा हातात घेतला का तो वाजे, अन् मी दोन बराकी दूर असलो तरी कैद्यायले समजे. "आलं रे, घुंगरू आलं!" म्हनत अन् दात काढत. मंग मीनं त्या कड्यात रुमाल कोंबून ठेवला. आवाज बंद झाला. थरथर तशीच.

आमच्यावर एक जमादार होता. पान खाये, अन् थुंकाले जागा भेटली नाई का गिळून टाके. त्यानं मले गिनती शिकवली. जेलात सकाळ-संध्याकाळ गिनती होते. कैदी दोन-दोनच्या जोडीनं उकिडवे बसतात, एका जोडीमांगं दुसरी जोडी. शिपाई बाजूनं चालते अन् जोड्या मोजते. आकडा जुळला तं पुढचं काम, जेवन, सारं. नाई जुळला तं पुन्हा मोजा, अन् तवापर्यंत कोनीच उठाचं नाई.

जमादार म्हने, "अबे, पह्यले बसव, मंग तोंड उघड. उभ्या मानसासंग बोलू नको. उभा मानूस कोनत्याबी घडीले हात उचलते. उकिडव्या मानसाले आधी उठा लागते."

मी म्हनलं, "अन् बसलेच नाई तं?"

"तं तू बी त्याईच्यात बसून जाय, संध्याकाळी तुले मोजून घेऊ."

माही पह्यली गिनती मी मरेपर्यंत भुलत नाई. एक मानूस कमी आला. पुन्हा मोजलं तं दोन जास्त. तिसऱ्या वेळी आधीपेक्षा बी कमी. सामने सव्वाशे मानूस उन्हात उकिडवा बसून, अन् मी बोट दाखवत इकून तिकडं. बोट बी थरथरे, म्हनून एकाच मानसाले दोनदा लागे. मधातच एक जन कमर सरळ कराले उठला. मी काई बोलाच्या आत मांगच्यायनं त्याची कुडती धरून खाली ओढला.

"बस ना बे! हा पुन्हा एकपासून सुरू करन!"

तासाभरानं समजलं का एक कैदी पोट बिघडल्यानं संडासात बसून होता. त्या दिवशी साऱ्यायची भाजी थंडी झाली अन् साऱ्यायनं माह्या सात पिढ्या काढल्या. संध्याकाळी बराक बंद करताना एक म्हातारा कैदी सळाखीजवळ आला. जन्मठेपेचा होता, माह्या बापाले बी पाह्यलेला. हळूच म्हने, "शिपाईबापू, तुमी भेले का मोठ्यानं बोलता. त्यानंच आमाले समजते. जेवढा भेव लागन, तेवढं हळू बोलत जा."

मी म्हनलं, "मले भेव लागत नाई." पन एवढ्या जोऱ्यानं म्हनलं का अर्धी बराक हासली.

अशी दहा-अकरा वर्षं काढली. मंग माही बदली लय दूर झाली, अन् इकडं सासरे वारले. ते आपल्या गावचे पोलीस पाटील होते. त्याईले पोरीच. त्या दिवसात पाटीलकीच्या मांगं कोनी लागत नव्हतं. एटापल्लीच्या अंगानं तं नावच काढू नका. पोलीस पाटील म्हंजे पोलिसाचा मानूस, जंगलातले लोक कवा येतीन अन् खबऱ्या म्हनून उचलतीन, नेम नाई. आमचं गाव तिकून बरंच खाली, पन भेव काई एसटीच्या टायमानं चालत नाई, तो आमच्याकडं बी पोचलाच होता. दोन साडभावांनी हात वर केले. बायको म्हने, "तुमी तं चोरा-खुन्यायमंदी राह्यले. तुमाले कायचा भेव?"

रुमालाचं तिले मीनं कधी सांगतलंच नव्हतं. आता कसं सांगू? देलं नोकरीले सोडून अन् झालो पाटील. वरून घरजवाई. म्हंजे सारं गाव माहे साळे नाई तं सासरे, अन् मी त्याईच्यावरचा सरकारी मानूस.

गाव अर्धं धानाचं अन् अर्धं मासोळीचं. मोठा तलाव आहे, त्याची उंच पाळ, पाळीखाली घरं. मासोळीवाल्यायची सोसायटी होती, अन् तिचा अध्यक्ष माह्या बायकोचा चुलत भाऊ. अंगानं दांडगा, आवाज तं त्याहून दांडगा. पाळीच्या शेवटी, घरं संपतात तिथी, एक म्हातारी एकटी राह्ये. सारे तिले मावशी म्हनत. शिंदीच्या पानाचे झाडू बांधे अन् विके. नवरा सोसायटीत होता, तो मेल्यावर तिनं त्याचा हिस्सा मागतला. अध्यक्ष नाई म्हने. एक दिवस पाळीवर साऱ्यायसमोर दोघायचा वाद झाला अन् मावशी म्हनली, "खाय मंग एकटाच! पाह्यते तुले कसं पचते ते."

झालं. एवढंच बोलली होती.

आठ दिवस नाई झाले अन् तलावातल्या मासोळ्या मेल्या. मे महिना होता, पानी कमरेखाली गेलं होतं. सकाळी लोक जाळे घेऊन गेले तं रोहू, कतला, सारं पांढरं पोट वर करून तरंगून राह्यलं होतं. पाळीवर उभं राहवत नव्हतं एवढा वास. सालभराची मेहनत गेली. बाया तं मयत झाल्यावानी रडत होत्या. मी बी तिथी उभा राहून 'च् च्' केलं, तेवढीच माही पाटीलकी, अन् घरी येऊन जेवाले बसलो.

त्या दिवशी बाजूच्या गावचा एक जानता आला होता. झाडफूक करनारा. तो म्हने, हे कोनाचं तरी करनं आहे. नाव नाई घेतलं. नाव घ्याची गरजच नव्हती.

मी भाताचा दुसरा घास घेतला अन् कोतवाल पळत आला. कोतवाल म्हंजे गावचा सरकारी गडी, माह्याहून दहा वर्षानं मोठा, कधी पळनारा मानूस नव्हे. त्याले पळताना पाहून मी ताट सरकवलं.

"पाटील, चला! मावशीकडं चालले सारे. दात पाडतो म्हनतात."

आमच्याकडं ही रीत होती, सांगाले लाज वाटते. कोनावर करनीचा आळ आला का त्याचे दात पाडत. दात गेले का मंतर नीट निघत नाई म्हने. अन् दात पाडाले गेलेला जमाव दातावर थांबत नाई, हे मले ठावूक होतं. असे दोघं-तिघं मले जेलात भेटले होते, तेबी दातच पाडाले गेले होते.

मीनं कोतवालाले सांगतलं, "तू सायकल घे अन् चौकीत जाय. साहेबाले जीपच घेऊन आन." चौकी बारा किलोमीटर, अर्धा रस्ता रेतीचा. कोतवाल गेला. मंग मी काय केलं? मी धानाच्या कोठीमांगं जाऊन उभा राह्यलो. जीप येतपर्यंत तिथीच राहावं असा माहा इचार होता. बायकोनं येऊन पाह्यलं.

"हे काय करून राह्यले?"

"काई नाई. उंदीर होता."

"तिथी ते मावशीले मारून टाकतीन अन् तुमी उंदीर पाहून राह्यले? बाबा असते तं?"

तिचे बाबा असते तं मी जेलातच नसतो का, पन हे बोलाची ती वेळ नव्हती. तिनं मले बखोटीले धरून बाहेर काढलं. हात धुवाचं बी भान नाई. उष्टा हात वर धरून मी पाळीनं पळालो. पळालो कायचा, पाय मांगं ओढत होते अन् बाकीचा मी पुढं.

मावशीच्या आंगनात साठेक लोक होते. काठ्या, वल्हे, एकाच्या हातात जाळ्याची शिशाची माळ. मावशी दारात उभी, दोन्ही हातानं खांब धरून. मांडीखालचा झाडू अर्धा बांधलेला तिथीच पडला होता. अध्यक्ष सामने.

"निंघ बाहेर! काय खिलवलं तलावाले, सांग!"

मी मधात घुसलो. म्हंजे घुसलो नाई, मांगून कोनीतरी ढकललं. अध्यक्षानं मले पाह्यलं, माह्या उष्ट्या हाताले पाह्यलं.

"जवाईबापू, जेवून या आधी. हे घरचं काम आहे."

एक बाई मांगून म्हने, "बाजूले व्हा जवाई, उगा लागून-गिगून जाईन."

मले कायदा सांगाचा होता. सासऱ्याच्या पेटीत कागद होते, त्यातल्या दोन ओळी पाठ केल्या होत्या. तोंड उघडलं तं त्यातली एकबी आठवली नाई. अध्यक्षानं एक पाऊल पुढं टाकलं. मावशीनं डोळे मिटून घेतले. अन् माह्या तोंडातून निंघालं ते हे:

"जोडी! जोडीनं बसा! गिनती!"

मले बी समजलं नाई मी काय बोललो. दहा वर्षं दिवसातून दोनदा बोललेलं, ते भेवानं आपोआप बाहेर पडलं. अन् मंग एक गोष्ट झाली. पुढच्याच रांगेत तीन जन होते, जे मोहाच्या दारूत अन् सागवानाच्या केसात महिना-दोन महिने आत जाऊन आले होते. ते तिघंबी खटकन उकिडवे बसले. इचार नाई केला त्याईनं. माह्या जिभेनं जसं केलं तसंच त्याईच्या गुडघ्यायनं केलं. दोघायची जोडी झाली, तिसरा आजूबाजूले पाहून म्हने, "अबे ये ना, मले जोडी नाई."

त्याच्या बाजूचा बसला. त्याच्या मांगचे बसले. बायाईले वाटलं ग्रामसभा सुरू झाली, त्या पदर सावरून बसल्या. पाह्यता पाह्यता सारं आंगन खाली, अन् उभे राह्यले तं मी अन् अध्यक्ष. साठ मानसं बसलेली अन् आपन एकटे काठी घेऊन उभे, त्याले बी कसंनुसं झालं. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. बसला. पन काठी मांडीवर.

आता कराचं काय? जेलात गिनती झाली का बराकीले कुलूप लागते. इथी ना बराक, ना कुलूप, ना जमादार. एक मावशीचं दार, तेबी बांबूच्या तट्ट्याचं. हे सारे उठले का मंग काय? चौकी बारा किलोमीटर अन् कोतवालाची सायकल मले ठावूक होती, दर दोन मैलाले तिची चेन पडे.

मी म्हनलं, "चौकीचे साहेब येऊन राह्यले. इथी कोन कोन हजर होतं ते मले सांगा लागते. मोजल्याबिगर कोनी उठाचं नाई." अन् मोजाले लागलो.

बत्तीस जोड्या अन् एक. कोनी म्हने, "झालं?" मी म्हनलं, थांब, पुन्हा पाह्यतो. एकोनतीस जोड्या. पुन्हा. एकतीस. मधात एक शेळी आली, ती बी कुठंतरी मोजली गेली.

"जवाई, तुमाले मोजता येते का नाई?" एक म्हातारा म्हने.

"येते ना."

"मंग माह्यावर तिनदा बोट काऊन ठेवलं?"

हशा पिकला. एका बाईनं माह्याआधी मोजलं, तिचा आकडा तिच्या जावेसंग जुळेना, त्या दोघी भांडाले लागल्या. तालुक्याच्या मिटिंगीत मी सांगतलं का हे मी मुद्दाम केलं, जमावाचा टाईम काढाची ही जेलची युक्ती. साहेबानं बी मान हालवली. खरं सांगू? मले खरंच मोजता येत नव्हतं. डोळ्यासमोर सारं हालत होतं. बत्तीसच्या पुढं काय येते ते बी एकदा आठवलं नाई.

पाचव्या वेळी अध्यक्ष उठला. काठी हातात. हासनं बंद झालं.

"बस्स झाला तमाशा. सरक."

तो माह्यापासून दोन हातावर. त्याच्या कपाळावरची नस मले दिसत होती. मले ओरडाचं होतं, मदतीले बलवाचं होतं. म्हाताऱ्या कैद्याचं बोलनं तवा आठवलं असं म्हनलं तं छान वाटन, पन आठवलं-बिठवलं काई नाई. आवाजच निंघत नव्हता, म्हनून हळू निंघाला.

"भाऊ," मी म्हनलं, "तू उठला का मले पुन्हा एकपासून मोजा लागते."

तो काई बोलाच्या आत मांगून कोनीतरी त्याच्या धोतराचा सोगा ओढला.

"बस ना भाऊ! हा जवाई पुन्हा सुरू करन!"

"बस रे बाप्पा, पायात मुंग्या आल्या आमच्या."

"गिनती होऊ दे, मंग काय कराचं ते कर."

त्याचीच मानसं. ज्यायले घेऊन आला होता तीच. तो उभा राह्यला, त्याईले पाह्यलं, मले पाह्यलं. मले त्या घडीले वाटलं का काठी येते, अन् मी मान खांद्यात घालून घेतली. डोळे बी मिटले. पाटील असून. उघडले तं तो खाली बसला होता अन् काठीनं जमीन उकरत होता.

मी सहाव्यांदा मोजाले लागलो.

जीप आली तवा ऊन पाळीच्या पल्याड उतरलं होतं. साहेब म्हंजे नवीन पोरगेलासा फौजदार, चार शिपाई संग. आंगनात येऊन थांबलाच. साठ मानसं जोडीनं उकिडवी, अन् मधात एक मानूस उष्ट्या हातानं बोट दाखवत फिरून राह्यला.

"पाटील, हे काय चाललंय?"

"गिनती, साहेब. एक कमी येऊन राह्यला."

साहेबानं मावशीले पाहाले आत डोकावलं. ती चुलीपाशी उकिडवी बसून होती. मी 'बसा' म्हनलं तवाच आत सरकून बसली होती, उठलीच नव्हती. दात सारे जाग्यावर. मी तिले पाह्यलं अन् तिथीच, साहेबासमोर, मले उलटी झाली.

नावं लिहून झाली. अध्यक्षाले अन् आनखी तिघायले चौकीत नेलं, समज देली, दुसऱ्या दिवशी सोडलं. पुढं मासोळीखात्याचा मानूस आला, पानी पाह्यलं अन् म्हनला, पानी कमी अन् तापलेलं, त्यात मासोळीले श्वास पुरत नाई. लोकाईनं ऐकून घेतलं. मानलं का नाई ते मी त्याईच्या तोंडावरून सांगू शकत नाई. मावशीच्या झाडूले मात्र कोनी हात लावेना. ती दारात बसे, अन् पाळीवरून जानारे दुसरीकडं पाहात जात. मी रोज दुपारी तिच्या आंगनात जाऊन बसो. सांगाले राखन. पन पान वाजलं तरी दचको. एक दिवस तीच म्हने, "जवाई, तुमी घरी जा बापा. तुमाले पाहून मलेच भेव लागते."

पाचव्या दिवशी तिची पोरगी आली, मोहर्लीकडून. मावशीचा जवाई तिकडं वाघ पाहाले येनाऱ्यायच्या गाडीवर होता. सकाळच्या एसटीनं माय-लेकी निघाल्या. मी संग गेलो. घरापासून स्टँडपर्यंत सारं गाव पार करा लागे. दारादारात लोक उभे. मी मावशीच्या बाजूनं चाललो, अन् दर दाराले वाटे, आता गोटा येते. अध्यक्षाच्या घरासमोर आलो. तो ओट्यावर बसून जाळं शिवत होता. त्यानं मान वर केली नाई. गोटा बी आला नाई. कोनी "जा बरं, मावशी" असं बी म्हनलं नाई.

गाडी लागली. गाठोडं मी वर देलं. मावशी खिडकीशी बसली. मले काईतरी बोलाचं होतं, म्हनून म्हनलं, "मावशी, धानाच्या रोवन्यापर्यंत सारं थंड होईन. या मंग."

ती माह्याकडं वळली. मंग म्हने, "तुमी पाटील आहा ना. तुमीच सांगा, येऊ का?"

कंडक्टरनं घंटी मारली. मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं, मंग मांगं गावाकडं पाह्यलं. 'हाव, या' म्हनाचं होतं मले, एवढंसंच. गाडी सुरू झाली, मी खाली टायराकडं पाहात उभा.